उजेड, चेहरा आणि कुंचला

मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती येतात, विणकामाचे नमुने येतात, एखाद्या संत कवयित्रीचे चरित्र येते. यंदा माझ्याकडून लेख मागितला तेव्हा मी इतिहासावर लिहीन असे म्हटले आणि काही जणी हसल्या. हसणे साहजिकच आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. राजे आणि लढाया यांच्याविषयी मी काय लिहिणार? परंतु गेली बारा-तेरा वर्षे मंडळाच्या नाटुकल्यांची रंगभूषा माझ्याकडे आहे, आणि जे मी हाताळते त्याचा इतिहास मला थोडाफार ठाऊक झाला आहे. वाचनालयातील पुस्तके आणि भाचीने मोबाईलवरून वाचून दाखवलेली माहिती यांवर हे धाडस केले आहे.

विषय असा. अलीकडे आपल्या लेकीसुना चेहऱ्याला ‘हायलायटर’ लावतात. गालाच्या हाडावर, नाकाच्या दांडीवर, भुवईच्या खाली आणि वरच्या ओठाच्या कमानीवर थोडीशी लकाकी दिली की तो भाग उठून दिसतो. दुकानात त्यासाठी कुंचलेच पंधरा तऱ्हेचे मिळतात. एक पंख्यासारखा, एक मेणबत्तीच्या ज्योतीसारखा, एक बुटका. त्याशिवाय अंड्याच्या आकाराचा स्पंज, मखमली पफ, आणि शेवटी देवाने दिलेले बोट आहेच. मुली मला विचारतात, ‘‘काकू, यातले नेमके घ्यायचे काय?’’ मी त्यांना उलट दोन प्रश्न विचारते. तू कोणत्या उजेडात बसणार आहेस? आणि तुझ्या डबीतला माल ओला आहे की कोरडा? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की हत्यार आपोआप ठरते. हे माझे शहाणपण नव्हे. गेल्या दोनशे वर्षांत जेव्हा जेव्हा उजेड बदलला तेव्हा तेव्हा चेहरा रंगवण्याचे हत्यार बदलले, असे मला वाचताना दिसत गेले. तेच येथे सांगते.

सर्वांत जुने हत्यार बोट. त्याची परीक्षा आपल्या आज्यांनी रोज सकाळी दिली आहे. कुंकू लावताना त्या आधी मेणाच्या डबीत बोट फिरवीत, कपाळावर मेणाचा गोल टेकवीत आणि त्यावर पिंजर दाबीत. मेण नसते तर कोरडी पिंजर दुपारपर्यंत नाकावर उतरली असती. चिकट थर खाली आणि भुकटी वर, हा नियम आज मोठमोठ्या रंगभूषाकारांच्या वर्गात पैसे घेऊन शिकवतात! बोटाला ऊब असते. त्या उबेने मेण, तूप, लोणी, मलम असे स्निग्ध काहीही मऊ होते आणि कातडीत मिसळते. म्हणून आजही डबीतला हायलायटर मलमासारखा असेल तर अनामिकेच्या टोकाने तो टेकवावा, घासू नये. अनामिकाच का, तर त्या बोटाचा जोर सर्वांत कमी पडतो. कोरड्या भुकटीला मात्र बोट निरुपयोगी. बोटाच्या तेलाने भुकटीचा गठ्ठा होतो आणि गालावर ठसा उमटतो.

घरात समई आणि चिमणी होती तोवर यापेक्षा अधिक काही लागतही नव्हते. मंद पिवळ्या उजेडात बारीकसारीक काही दिसत नाही. हळदीने आणि तेलाने चेहरा जरा तुकतुकीत झाला की पुरे होई.

खरी गरज पडली ती नाटकवाल्यांना. लांब बसलेल्या प्रेक्षकाला चेहरा दिसायला हवा, आणि उजेड तर अपुरा. आपल्या सांगलीलाच ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला आणि मराठी रंगभूमीचा जन्म झाला, हे आपण सारे अभिमानाने सांगतो. त्या काळी वीज कुठली? तेलाच्या दिव्यांच्या आणि दिवट्यांच्या उजेडातच नाटके होत. त्या उजेडात चेहरा दिसावा म्हणून जुने नट सफेदा, पिवडी, हिंगूळ आणि काजळ वापरीत. सफेदा पांढरा, पिवडी पिवळी, हिंगूळ तांबडा. हे तेलात किंवा पाण्यात कालवायचे आणि बोटांनी चोपडायचे. हातवारे आणि आवाज मोठे, तसाच रंगही मोठा.

जपानात काबुकी नावाचे नाटक आहे. त्यातही सर्व पात्रे पुरुषच करतात. मेणबत्त्यांच्या उजेडात चेहरा उठून दिसावा म्हणून ते तोंड, मान, पाठीचा वरचा भाग अगदी पांढराशुभ्र रंगवीत आणि त्यासाठी रुंद, चपटा कुंचला वापरीत. चुन्याने भिंत सारवावी तसे ते दिसते. या पांढऱ्या लेपात पूर्वी शिसे असे. १८८७ साली खुद्द जपानच्या सम्राटापुढे खेळ चालू असताना नाकामुरा फुकुसुके या नटाचे पाय थरथरू लागले आणि ते काही केल्या थांबेनात. पुढे निदान झाले की ही शिशाची विषबाधा. तेव्हापासून तेथे बिनशिशाचा लेप शोधण्याची खटपट सुरू झाली. चेहऱ्यावर काय लावतो आणि ते कोणाच्या पोटात जाते हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

विलायतेत मात्र उजेड झपाट्याने बदलत गेला. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात १८१७ साली गॅसचे दिवे आले. १८३७ साली कॉव्हेंट गार्डन येथे एक नवाच दिवा वापरला. चुन्याच्या खड्यावर प्रखर ज्योत सोडली की तो पांढराशुभ्र पेटतो, त्याचा हा उजेड. इंग्रजीत त्याला ‘लाइमलाइट’ म्हणतात. वर्तमानपत्रांत एखादा पुढारी लाइमलाइटमध्ये आला असे वाचतो, तो मुळात चुन्याच्या उजेडात आलेला असतो ही गंमत मला फार आवडली. १८८१ साली लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात सर्वत्र विजेचे दिवे लागले, आणि तेथून पुढे सगळीकडे वीज पसरली.

उजेड वाढल्यावर काय झाले ते आपण घरीच करून पाहू शकतो. चेहऱ्यावर समोरून जोरदार दिवा सोडला की नाक, गाल, हनुवटी सारे एकसारखे पांढरे पडते. चेहरा थाळीसारखा सपाट दिसतो. नाट्यगृहात तर रंगमंचाच्या पुढच्या कडेला, पायाशी दिव्यांची रांग असे. खालून उजेड आल्यामुळे ज्या सावल्या नाकाखाली आणि हनुवटीखाली पडायच्या त्या नाहीशा होत, आणि जिथे नको तिथे उमटत. मग नटाने करायचे काय? दिव्याने पुसून टाकलेले चढउतार रंगाने पुन्हा काढायचे. उंच भागावर फिकट रंग, खोल भागावर गडद रंग. आज मुली ज्याला हायलायटर म्हणतात त्याचा जन्म हा असा, उजेडाशी भांडणातून झाला आहे.

त्या काळच्या नटांच्या पेटीत एक हत्यार असे, ते ऐकून आमच्या घरी सगळे दचकले. सशाचा पाय! होय, खरोखरीचा वाळवलेला सशाचा पाय. त्यावरची दाट मऊ लव गालावर लाली आणि भुकटी फिरवायला उत्तम, आणि हाड धरायला मूठ म्हणून सोयीचे. मुलायम भुकटीसाठी राजहंसाच्या कोवळ्या पिसांचा पफही श्रीमंत बायका वापरीत. आपल्या पावडरच्या डब्यातला पफ हा त्याचा गरीब वंशज. ओल्या रंगासाठी मात्र बोटच राहिले. जर्मनीत लुडविग लाइख्नर नावाच्या गायक नटाने १८७३ साली बर्लिनला चरबीत घोटलेल्या रंगांच्या कांड्या बनवण्याचा कारखाना काढला. तोवर नट आपापले रंग आपणच कालवीत. आता तयार कांडी मिळू लागली. कांडीने गालावर रेघ ओढायची आणि बोटाने पसरायची. आपल्याकडील नाटक मंडळ्यांच्या रंगपटात पुढे अशाच कांड्या दिसू लागल्या.

रंगपटाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकते. आमच्या मंडळात पूर्वी नाटक असले की भाड्याचे कपडे देणाऱ्या एका दुकानातून रंगभूषेसाठी एक गृहस्थ येत. हात मोठा सराईत. दीड तासात पंधरा बायका रंगवून मोकळे. पण त्यांच्या पेटीत गुलाबीसर पांढरा रंग एकच, आणि तो ते सर्वांना सारखाच लावीत. गोऱ्या बायका बऱ्या दिसत. आमच्या सावळ्या बायका, आणि त्यांत मीही आले, राख फासल्यासारख्या दिसत. एका वर्षी आमच्यातील एक वहिनी जिजाबाई झाल्या होत्या. त्यांनी ‘‘जरा माझ्या रंगाला जुळेल असे करा’’ म्हणून सांगितले. त्यावर ते गृहस्थ म्हणाले, ‘‘बाई, हे तुमचे काम नव्हे.’’ पेटीला हात लावू देत नसत. त्यानंतरच्या वर्षापासून आम्ही वर्गणी काढून स्वतःची पेटी केली. पांढरे फासणे वेगळे आणि उजेड देणे वेगळे, हे मी त्या पेटीवर शिकले. सावळ्या गालावर पांढरी भुकटी राखेसारखी दिसते. तिथे सोनेरी किंवा तांबूस झाक हवी. तीच लकाकी मग अंगची वाटते.

चित्रपट आला आणि उजेडाने पुन्हा पलटी खाल्ली. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. त्यात तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले, कारण बायका मिळेनात. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघी आल्या आणि पहिल्याने स्त्रीचा चेहरा पडद्यावर दिसला. तेव्हा चित्रण सूर्यप्रकाशात चाले. त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. जे तांबडे ते काळे उमटे. गालावर लाली लावली तर पडद्यावर खड्डा पडल्यासारखे दिसे, आणि चेहऱ्याचा नैसर्गिक तांबूसपणाही काळवंडे. त्यामुळे चेहऱ्याला फिकट लेप देण्यावाचून गत्यंतर नव्हते.

१९२० नंतर सर्व रंग ओळखणारी फिल्म प्रचारात आली आणि स्टुडिओत नव्या तऱ्हेचे विजेचे दिवे लागले. अमेरिकेत हॉलिवुडमध्ये मॅक्स फॅक्टर नावाचे रंगभूषाकार होते. मूळचे पोलंडचे, पोटापाण्यासाठी टोप विणणारे. १९१४ साली त्यांनी चित्रपटासाठी पातळ मलमासारखा रंग काढला होता, कारण नाटकातला जाड रंग पडद्यावर मोठा होऊन दिसे आणि हसले की तडकत असे. १९२८ साली नव्या फिल्मसाठी नवे रंग काढले. आणि मग रंगीत चित्रपट आले तेव्हा तेलकट रंग चकाकू लागला. शेजारच्या लाल पडद्याची झाक गालावर पडू लागली. त्यावर उपाय म्हणून त्यांच्या कारखान्याने भुकटी दाबून वडी केली. ही वडी ओल्या स्पंजने लावायची. १९३७ सालच्या एका रंगीत चित्रपटात ती वापरली, आणि पुढच्याच वर्षी बाजारात आणली. हाच तो ‘पॅनकेक’. आपल्याकडच्या नाटकवाल्यांच्या तोंडी हा शब्द इतका बसला की कित्येकांना तो मराठीच वाटतो.

पॅनकेकने स्पंजाला मान मिळवून दिला. स्पंज पाणी धरतो, म्हणून रंगाचा थर पातळ बसतो आणि रेघा उमटत नाहीत. बोटाचा ठसा नाही, केसांच्या खुणा नाहीत. मोठ्या जागेसाठी, म्हणजे कपाळ, गाल, मान यांसाठी तो उत्तम. नाकाच्या दांडीसारख्या अरुंद जागी मात्र तो पसरट पडतो.

नाकाच्या दांडीवरून एक गोष्ट. मार्लेन डीट्रिश या नटीचे नाक पडद्यावर सरळ दिसावे म्हणून तिच्या रंगभूषाकारिणीने त्यावर मधोमध बारीक फिकट रेघ ओढली, असे सांगतात. दिवा त्या रेघेवर चमकला की पाहणाऱ्याला नाक सरळ आणि रेखीव वाटायचे. ही रेघ बोटाने येणार नाही. चित्रकाराच्या बारीक कुंचल्यासारखेच हत्यार त्याला हवे. त्या बाईंचे नाव डॉटी पोनेडेल. हॉलिवुडमध्ये तेव्हा चेहरा रंगवायचा तो पुरुषांनी आणि केस विंचरायचे ते बायकांनी, अशी वाटणी होती. संघटनेत रंगभूषाकार म्हणून गेलेल्या पहिल्या थोड्या स्त्रियांपैकी त्या एक. हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता कुंचल्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण बाजारात पैसे जातात ते येथेच. जपानात हिरोशिमा प्रांतात कुमानो नावाचे गाव आहे. डोंगरातले, शेती बेताची. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तेथील शेतकरी रिकाम्या दिवसांत अक्षरे लिहिण्याचे कुंचले बनवायला शिकले. पुढे लेखणी आली, कुंचल्याने लिहिणे कमी झाले, तेव्हा गावाने तीच कला चेहऱ्याच्या कुंचल्यांकडे वळवली. २०११ साली जपानच्या मुलींनी फुटबॉलचा जागतिक चषक जिंकला तेव्हा तिथल्या सरकारने प्रत्येकीला कुमानोचे कुंचले भेट दिले. खेळाडू मुलींना रंगाचे कुंचले का, असे कोणी म्हणेल. मला विचाराल तर भेट योग्यच होती. गावातील कारागिरांचाही त्यात सन्मान झाला.

तेथील कारागीर कुंचला कापून आकार देत नाहीत. केसाचे मूळचे निमुळते टोक तसेच ठेवतात, आणि लाकडी साच्यात केस भरून, हलकेच ठोकून त्यांचा घुमट करतात. स्वस्त कुंचला कात्रीने कापलेला असतो, त्याची टोके बोथट. कापलेले टोक गालाला टोचते आणि भुकटी एका जागी टाकते. दुकानात ओळखायची युक्ती सोपी आहे. हाताच्या मागच्या बाजूवर कुंचला उभा टेकवून गोल फिरवा. टोचला तर परत ठेवा. मग केस बोटांच्या चिमटीत धरून ओढा. चार केस हातात आले तर तो तुमच्या नाकावरही येणार आहेत असे समजा. किंमत यानंतर विचारावी.

केसांचा प्रकारही पाहावा. बकरीच्या केसाला, आपल्या केसासारखेच, अतिशय बारीक खवले असतात. त्यांत कोरडी भुकटी अडकून राहते आणि थोडी थोडी सुटते. कृत्रिम धागा गुळगुळीत असतो. तो मलम शोषत नाही. म्हणून ओल्या मालाला कृत्रिम धाग्याचा आणि भुकटीला केसाळ कुंचला, असा जुना रिवाज. अलीकडे कृत्रिम धागेही इतके मुलायम निघाले आहेत की भुकटीलाही ते चालतात, धुवायला सोपे आणि लवकर वाळतात. आपल्या दमट हवेत ही मोठी सोय. मी स्वतः आता तेच घेते, आणि त्याला आणखी एक कारण आहे.

आपल्या देशात चित्रकारांचे उत्तम कुंचले मुंगसाच्या केसांचे असत, आणि नाटकवाले भुवया-मिशा कोरायला तेच वापरीत. एका मुंगसाच्या अंगावर उपयोगी केस निघून निघून किती निघणार? त्यासाठी मुंगसे मारली जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे, आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. तरी चोरून चालूच होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये सरकारच्या वन्यजीव गुन्हे विभागाने एकाच वेळी अनेक राज्यांत छापे घातले, त्यांत आपला महाराष्ट्रही होता. उत्तर प्रदेशात शेरकोट हे कुंचल्यांचे गाव आहे. तिकडचे पुष्कळ कारागीर आता बिनमुंगसाचे कुंचले करतात. घरात साप आला तर ज्याची आठवण होते त्याच प्राण्याचे केस आपण भुवईवर फिरवावेत हे मला बरे वाटत नाही. गडद बुडखा, मधे फिकट, टोकाला पुन्हा गडद असा केस दिसला आणि दुकानदार नाव सांगायला कचरला, तर घेऊ नये.

भुकटीतली चमक कुठून येते हेही सांगायला हवे. ती बहुतेक अभ्रकाची. अभ्रकाचे कण म्हणजे चिमुकले पापुद्रे. ते कातडीवर सपाट बसले तर सगळे मिळून आरशासारखा एक उजेड परत करतात, आणि उभेआडवे पडले तर रांगोळीतल्या चमकीसारखे ठिपके चमकतात. ही गोष्ट कळली की हत्यार निवडणे सोपे जाते. गुळगुळीत लकाकी हवी तर दाट केसांचा बुटका कुंचला किंवा ओलसर स्पंज घेऊन भुकटी दाबून बसवावी. नुसती हलकी झाक हवी तर पंख्याचा कुंचला, आणि तोही फुंकर मारून. पंखा दिसतो छान, पण त्याच्याने भुकटी दाबली जात नाही. नवशिक्या मुली तोच आधी घेतात आणि मग म्हणतात, उजेड दिसतच नाही! या अभ्रकाचा पुष्कळ भाग झारखंडमधील कोडरमा आणि गिरिडीह या भागांतून येतो आणि तेथे लहान मुलेही पापुद्रे वेचतात, हे गेल्या काही वर्षांत उघडकीस आले आहे. डबी घेताना हे मनात असावे.

दूरदर्शन मुंबईला १९७२ साली आले आणि १९८२ साली रंगीत झाले. तोवर रंगभूषेत फार फरक पडला नाही. पडला तो या शतकाच्या आरंभी, अतिस्पष्ट चित्र घेणारे कॅमेरे आले तेव्हा. गालावरचे प्रत्येक छिद्र दिसू लागले, आणि स्पंजाच्या चौकोनी तुकड्याच्या कडेने पडलेली रेघसुद्धा. अमेरिकेत रे ॲन सिल्वा या रंगभूषाकारिणीने एका दूरदर्शन मालिकेच्या वेळी स्पंजाचे तुकडे कात्रीने कापून त्यांच्या कडाच काढून टाकल्या. अंड्यासारखा गोल तुकडा झाला. कडच नाही म्हटल्यावर रेघ उमटणार कशी? तोच पुढे २००३ च्या सुमारास गुलाबी रंगात बाजारात आला, आणि आज आपल्या मुलींच्या डब्यात आहे तो त्याचाच भाऊ. तो पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, मग वापरायचा. कोरडा वापरला तर निम्मा माल तोच पितो. आणि भगिनींनो, तो रोज धुवा. ओला स्पंज बंद डबीत ठेवला की त्याला बुरशी येते, आणि चेहऱ्यावर पुरळ उठले की दोष हायलायटरला.

इथवर हत्यारांचे झाले. ते धरणाऱ्या हाताचा इतिहास मात्र मुंबईतला आहे, आणि फार जुना नाही.

मराठी रंगभूमीवर १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आले आणि त्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली. नाटकात, चित्रपटात स्त्री आली, गायिका झाली, पुढे दिग्दर्शिकाही झाली. पण मुंबईच्या चित्रपटसृष्टीत तिच्या चेहऱ्याला रंग लावणारा हात पुरुषाचाच राहिला. वेशभूषा, रंगभूषा आणि केशभूषा करणाऱ्या कामगारांची तेथे एक संघटना होती, आणि १९५५ पासून चालत आलेला तिचा शिरस्ता असा की रंगभूषाकाराचे ओळखपत्र पुरुषालाच मिळेल; स्त्रीला मिळेल ते केशभूषेचे. हॉलिवुडची ती जुनी वाटणी आठवते ना? तीच. ओळखपत्राशिवाय कोणी काम करताना सापडले तर दंड. रंगभूषा शिकलेल्या कित्येक स्त्रिया मेकअपच्या गाडीचे दार लावून, लपूनछपून काम करीत. आणि सबब काय, तर बायकांना हे काम दिले तर पुरुषांना काम मिळणार नाही!

चारू खुराना नावाच्या एका तरुणीने अमेरिकेत रीतसर रंगभूषेचे शिक्षण घेतले होते. २००९ साली तिने संघटनेकडे अर्ज केला. तो नाकारला गेला. एक कारण ती स्त्री, आणि दुसरे कारण ती महाराष्ट्रात पाच वर्षे राहिलेली नाही. तिने आणि तिच्यासारख्या आणखी काही जणींनी दाद मागितली, राष्ट्रीय महिला आयोगाकडे गेल्या, आणि शेवटी २०१३ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळित यांनी निकाल दिला. स्त्री म्हणून रंगभूषेचे काम नाकारणे हे राज्यघटनेने दिलेल्या समतेच्या आणि व्यवसायस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, असे त्यांनी ठरवले. पाच वर्षांच्या वास्तव्याची अटही रद्द केली. संघटनेच्या नियमांतील ती कलमे काढून टाकण्यात आली आणि स्त्रियांची रंगभूषाकार म्हणून नोंद करण्याचा हुकूम झाला.

पंधरा ऑगस्ट १९४७ नंतर सदुसष्ट वर्षांनी! आमच्याकडे पेटी घेऊन येणारे ते गृहस्थ ‘‘हे तुमचे काम नव्हे’’ म्हणत, ते काही त्यांच्या मनातून निघालेले नव्हते. इतकी वर्षे तो नियम कागदावर लिहिलेलाच होता. मी निकालाची बातमी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा कात्रण कापून ठेवले. ते मंडळाच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवले आहे, आरशाच्या शेजारी. पुढच्या रविवारपासून दुपारी ३ वाजता मंडळाच्या खोलीत ज्यांना शिकायचे आहे त्यांच्यासाठी वर्ग ठेवला आहे. येताना आपला आरसा, जुना स्वच्छ रुमाल आणि घरात असेल तो कुंचला आणावा. नसेल तर बोट आहेच.